‘मिलिंद’ : एक शब्दरूप, दोन उगम

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत मुलांची जी नावे रूढ झाली, त्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक यांच्या बरोबरीने ‘मिलिंद’ हे नाव येते. आमच्या बजाजनगरसारख्या वसाहतीत या नावाची दोन माणसे एकाच गल्लीत सहज भेटतात. वाळूजची औद्योगिक वसाहत वाढू लागली आणि १९८५ मध्ये बजाजचा कारखाना येथे सुरू झाला, तशी जालना, बीड, परभणी, बुलढाणा अशा अनेक जिल्ह्यांतील कुटुंबे येथे एकत्र आली. कारखान्याच्या हजेरीपटावर दोन ‘मिलिंद’ एकाखाली एक लिहिले जातात. अक्षरे तीच, उच्चार तोच. परंतु एकाच्या घरी हे नाव ‘भुंगा’ या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून ठेवलेले असते, तर दुसऱ्याच्या घरी भदन्त नागसेनांशी वाद करणाऱ्या मिलिंद राजावरून.

अडचण येते ती शाळेत. शिक्षक नावाचा अर्थ विचारतात, मूल बाजारातील नावांचे पुस्तक उघडते आणि ‘मिलिंद म्हणजे भुंगा’ एवढेच उत्तर घेऊन येते. आईवडिलांनी ज्या हेतूने नाव ठेवले, तो हेतू त्या उत्तरात कोठेच नसतो. पुष्कळदा आईवडिलांपाशीही ‘तो एक बौद्ध राजा होता’ यापलीकडे सांगण्यासारखे नसते. या लहानशा गोंधळामागे भाषेच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि आमच्या समाजाच्या स्मृतीचाही. म्हणून या एका शब्दाची थोडी सविस्तर चर्चा येथे करावयाची आहे.

समान रूप म्हणजे समान शब्द नव्हे

पाली शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा धडा पहिल्याच वर्षी मिळतो. संस्कृतात ज्या जोडाक्षरांमुळे शब्द वेगळे राहतात, ती पालीत एकरूप होतात. त्यामुळे ‘सत्त’ हे एकच पाली रूप संस्कृतातील सप्त (सात), सत्त्व (प्राणी) आणि सक्त (आसक्त) या तीन निरनिराळ्या शब्दांशी जुळते. कोणता ‘सत्त’ अभिप्रेत आहे, हे संदर्भच सांगतो. ‘बोधिसत्त’ या सुपरिचित शब्दातील उत्तरपद सत्त्व की सक्त, यावर विद्वानांनी चर्चा केली आहे ती याच कारणाने. येथे पाली ही संस्कृतची बिघडलेली प्रत आहे असे मात्र कोणी समजू नये. दोन्ही भाषांना जुन्या बोलींचा वारसा आहे आणि तुलना केवळ सोयीसाठी आहे.

दुसरे उदाहरण ‘दीप’ या शब्दाचे. दिवा या अर्थाचा दीप आणि बेट या अर्थाचा द्वीप, हे दोन्ही पालीत ‘दीप’च होतात. ‘अत्तदीप’ या समासाचा अर्थ आपल्याकडे ‘स्वतःच स्वतःचा दिवा’ असा रूढ आहे. संयुत्त निकायात निब्बानाची जी पर्यायी नावे दिली आहेत, त्यांत मात्र ‘दीप’ हा शब्द लेण, ताण आणि सरण या आश्रयवाचक शब्दांच्या शेजारी येतो. तेथे पुरात न बुडणारे बेट हाच अर्थ बसतो. महापरिनिर्वाणसूत्राच्या संस्कृत पाठातही ‘द्वीप’ हेच रूप आहे. दोन्ही अर्थांनी शिकवण स्वावलंबनाचीच राहते, परंतु शब्द दोन आहेत हे विसरून चालत नाही.

मराठीतही असे पुष्कळ आहे. भिंतीवरची पाल, रायगड जिल्ह्यातील पाली गाव आणि तिपिटकाची पाली भाषा यांचा ध्वनी जवळपास एक आहे. पण भाषेचे नाव ‘पाळि’ म्हणजे ओळ किंवा मूळ पाठ या शब्दाशी निगडित आहे. अशा गावांच्या नावांत ‘पल्ली’ हा वस्तीवाचक शब्द शोधला जातो, आणि घरातली पाल ‘पल्ली’ या प्राणिवाचक शब्दापासून आली आहे. पाली नावाच्या प्रत्येक गावाला पाली भाषेचे केंद्र ठरविणे हे इतिहासलेखन नव्हे.

तात्पर्य, शब्दाचा उगम ठरविताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, जुन्या लेखनात तो शब्द कोणत्या रूपाने आणि कोणत्या अर्थाने येतो. दोन, एका रूपापासून दुसरे रूप ज्ञात ध्वनिनियमांनी निघू शकते काय. तीन, त्या दोन भाषांच्या लोकांचा प्रत्यक्ष संबंध आला होता काय. ‘मिलिंद’ या शब्दाला आता याच तीन कसोट्या लावून पाहू.

भुंगा मिलिंद

संस्कृतात ‘मिलिन्द’ हा भुंग्याचा वाचक शब्द आहे, यात संशय नाही. परंतु तो फार जुना दिसत नाही. अमरकोशात भुंग्याची नावे एका ठिकाणी दिली आहेत: मधुव्रत, मधुकर, मधुप, द्विरेफ, भृंग, षट्पद, भ्रमर, अलि इत्यादी. त्या यादीत मिलिन्द नाही. हा शब्द उत्तरकालीन काव्यात दिसू लागतो. तेथे मकरंद, अरविंद यांच्याशी त्याचे यमक छान जुळते, हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. त्याचा संबंध ‘मिल्’ म्हणजे भेटणे या धातूशी जोडतात, म्हणजे फुलाला येऊन भेटणारा तो मिलिन्द.

या मिलिंदाचा मराठीतील प्रवास ध्यानात घेण्यासारखा आहे. पूर्वीच्या आदरार्थी पत्रांत थोरांना उद्देशून ‘चरणारविंदी मिलिंदायमान’ असे लिहिण्याची रीत होती. आपले पाय हे कमळ आणि मी त्याभोवती घोटाळणारा भुंगा, असा त्याचा भाव. भक्तीच्या आणि दरबारी नम्रतेच्या भाषेत हा मिलिंद अशा रीतीने पायांशी बसला. पाली वाङ्मयात मात्र भुंग्यासाठी ‘भमर’ हा शब्द येतो आणि ‘मिलिंद’ हे केवळ राजाचे नाव म्हणून येते. आम्हांस भुंग्याशी वैर करावयाचे नाही. फुलाचा रंग-गंध न दुखवता रस घेणाऱ्या भमराची उपमा धम्मपदात मुनीला दिली आहेच. मात्र तो ‘भमर’ आहे, ‘मिलिंद’ नव्हे.

मेनान्द्रोसपासून मिलिंदापर्यंत

आता दुसरा मिलिंद. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यास वायव्य भारतात मेनान्द्रोस नावाचा ग्रीक राजा राज्य करीत होता. इंग्रजी पुस्तकांतून तो ‘मिनांडर’ म्हणून ओळखला जातो. ग्रीक भाषेत हे नाव ‘ठामपणे उभे राहणे’ आणि ‘पुरुष’ या अर्थांच्या शब्दांपासून बनलेले मानतात. भुंग्याशी किंवा ‘मिल्’ धातूशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही.

या राजाची नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत. एका बाजूस ग्रीक लिपीत ग्रीक मजकूर, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत. ग्रीक बाजूवर राजाला ‘सोतेर’ म्हणजे तारणहार म्हटले आहे. प्राकृत बाजूवर त्याचेच भाषांतर ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असे आहे. म्हणजे राजाच्या हयातीतच त्याचे नाव भारतीय उच्चारात ‘मेनंद्र’ झाले होते. बाजौर भागात मिळालेल्या एका अस्थिपात्रावरील खरोष्ठी लेखात ते ‘मिनेद्र’ असे वाचले जाते. पुढचा टप्पा पालीतील ‘मिलिन्द’. चिनी भाषेत नागसेनांच्या या संवादाचे जे जुने भाषांतर आहे, त्यात राजाचे नाव ‘मि-लान’ असे दिसते. म्हणजे ‘न’च्या जागी ‘ल’ हे केवळ पाली लेखकाच्या मर्जीचे काम नव्हते.

हा ‘न’चा ‘ल’ कसा झाला, याचे उत्तर मराठी माणसाच्या अंगणातच आहे. निंब या झाडाला आपण कडुनिंब म्हणतो आणि कडुलिंबही म्हणतो. उलट दिशेचे उदाहरण नांगराचे. संस्कृत ‘लाङ्गल’, पाली ‘नङ्गल’, मराठी ‘नांगर’. एका शब्दात अनुनासिक वर्ण जवळजवळ आले की जीभ त्यांतील एक बदलून घेते. ‘मिनिन्द’ म्हणण्यापेक्षा ‘मिलिन्द’ म्हणणे सोपे. शेवटच्या ‘न्द्र’चा पालीत ‘न्द’ होणे तर नित्याचेच आहे, जसे इन्द्र आणि इन्द, चन्द्र आणि चन्द.

परदेशी नावाला भारतीय पोशाख चढविण्याची ही रीत त्या काळात सर्वत्र दिसते. त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अँटिओकस हा ‘अंतियोक’, टॉलेमी हा ‘तुरमाय’ आणि अलेक्झांडर हा ‘अलिकसुदर’ झालेला आहे. मिलिन्दपञ्हात राजाच्या यवन अमात्यांपैकी एकाचे नाव ‘देवमन्तिय’ आणि दुसऱ्याचे ‘अनन्तकाय’ आहे. पहिल्यात डेमेट्रिओस आणि दुसऱ्यात अँटिओकससारखे एखादे ग्रीक नाव अभ्यासकांनी ओळखले आहे. ऐकणाऱ्याला मात्र देवांचा मंत्री आणि अनंत काया असलेला असा अर्थ भासतो. स्वतः राजा आपला जन्म ‘अलसन्द’ येथील कलसि गावचा असल्याचे सांगतो, आणि अलसन्द म्हणजे अलेक्झांडरच्या नावाने वसलेले अलेक्झांड्रिया. एकच ग्रीक नाव अशोकाच्या लेखात अलिकसुदर आणि पाली ग्रंथात अलसन्द झाले. एका उगमाची अनेक रूपे होतात आणि अनेक उगमांचे एक रूप होते. भाषेचा इतिहास या दोन्ही वाटांनी चालतो.

पहिल्या दोन कसोट्यांवर निर्णय स्पष्ट आहे. राजाचे नाव नाण्यांवर इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून आढळते आणि त्याच्या रूपांची साखळी जोडता येते. भुंगावाचक शब्द पुष्कळ उशिरा दिसतो आणि त्याची अर्थपरंपरा वेगळी आहे. काळाच्या ओघात दोन्ही शब्द एकाच रूपाशी येऊन थांबले. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे मानण्यास आधार नाही. भुंगा राजाचा नव्हे आणि राजा भुंग्याचा नव्हे.

यवन आणि आपला प्रदेश

तिसरी कसोटी संबंधाची. ग्रीकांचा आणि आपला काय संबंध, असा प्रश्न वाचकाला पडेल. मेनान्द्रोसची राजधानी सागल, म्हणजे हल्लीचे सियालकोट, येथून पुष्कळ दूर आहे हे खरे. परंतु यवन उपासकांच्या खुणा महाराष्ट्राच्या डोंगरांत कोरलेल्या आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांच्या दानांचे लेख आहेत. नाशिकच्या लेण्यांपैकी एक लेणे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या उत्तरेकडील योनकाने कोरविले. तो स्वतःला दत्तामित्री नगराचा रहिवासी म्हणवितो. या नगराच्या नावात बहुतेक अभ्यासक डेमेट्रिओस हेच नाव पाहतात. मिलिन्दपञ्हात ‘देव’ होऊन आलेला ग्रीक नाशिकच्या दगडावर ‘दत्त’ होऊन आला आहे. नाव सांगणारा आणि त्याचा पिता मात्र पूर्णपणे भारतीय नावांचे आहेत, हे लक्षात घ्यावे.

महावंसाच्या परंपरेनुसार तिसऱ्या संगीतीनंतर धम्मप्रसारासाठी अपरान्तात, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रदेशात, पाठविलेले थेर योन धम्मरक्खित हे होते, आणि महारट्ठात महाधम्मरक्खित आले. म्हणजे किनाऱ्यावर धम्म घेऊन येणाऱ्या थेरांची परंपरेने जपलेली ओळखच ‘योन’ अशी आहे.

व्यापाराचा धागा तर थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, या पेठा सांगितल्या आहेत. तेथील माल गाड्यांतून भडोचला येई. आणि त्याच ग्रंथात असेही नमूद आहे की, भडोचच्या बाजारात मेनान्द्रोसची जुनी नाणी अद्याप चालत होती. पैठणचा माल ज्या बाजारात जाई, तेथे मिलिंदाच्या नावाची नाणी हाताळली जात होती.

प्रश्न विचारणारा राजा

परंतु या राजाचे नाव आपल्यापर्यंत नाण्यांनी पोहोचविले नाही. ते ‘मिलिन्दपञ्ह’ या ग्रंथाने पोहोचविले. पञ्ह म्हणजे प्रश्न. व्ही. ट्रेंकनर यांनी १८८० मध्ये त्याची पाली आवृत्ती रोमन लिपीत संपादित केली. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर १८९० आणि १८९४ मध्ये दोन भागांत आले. देवनागरीतील आवृत्ती रा. द. वाडेकर यांनी मुंबई विद्यापीठाकरिता १९४० मध्ये सिद्ध केली. ब्रह्मदेशात हा ग्रंथ खुद्दकनिकायातच गणला जातो.

ग्रंथातील मिलिंद विद्वान आहे, वादपटु आहे आणि आपल्या प्रश्नांना उत्तर देणारा कोणी उरला नाही म्हणून खिन्न आहे. नागसेनांची भेट होते तेव्हा भदन्त आधी एक अट घालतात. वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तर करू, राजांच्या रीतीने होणार असेल तर नाही. राजा फरक विचारतो. पंडितांच्या वादात युक्तिवाद गुंफले जातात आणि उकलले जातात, एखाद्याचा पराभवही होतो, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र आपले म्हणणे मांडतात आणि विरोध करणाऱ्याला दंड करतात. मिलिंद पंडितांची रीत मान्य करतो. हातात सत्ता असताना ती बाजूला ठेवून केवळ युक्तिवादाच्या बळावर बसणारा हा राजा आहे.

ग्रंथाच्या अखेरीस राजा पुत्राकडे राज्य सोपवून प्रव्रज्या घेतो आणि अर्हत् होतो. उलट ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की, न्यायाने राज्य करणारा मेनान्द्रोस छावणीत मरण पावला आणि त्याच्या अस्थी निरनिराळ्या नगरांनी वाटून घेऊन त्यांवर स्मारके उभारली. दोन्ही वृत्तान्त शब्दशः एकत्र खरे असू शकत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते वेगळेच ठेवावेत. तथापि, अस्थिविभागाची ही हकीकत तथागतांच्या धातुविभाजनाची आठवण करून देते, आणि बौद्ध जनतेत या राजाला केवढा मान होता याची साक्ष त्यातून मिळते.

नागसेनांचे उत्तर

या ग्रंथातील पहिलाच प्रश्न नावाविषयीचा आहे, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. राजा विचारतो, आपणांस कोणत्या नावाने ओळखतात? भदन्त उत्तर देतात की, सब्रह्मचारी मला नागसेन म्हणतात, आईवडील नागसेन, सूरसेन, वीरसेन, सीहसेन अशी नावे ठेवतात, परंतु हा केवळ संकेत आहे, व्यवहार आहे. या नावामागे कायम टिकणारा ‘पुद्गल’ सापडत नाही. राजा चकित होतो. तेव्हा भदन्त त्याच्याच रथाचा दाखला देतात. आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, परंतु हे सारे एकत्र आले की ‘रथ’ हा व्यवहार होतो.

भाषाशास्त्राला हे उत्तर आजही पटते. शब्दाचा अर्थ त्याच्या अक्षरांत दडलेला नसतो. तो बोलणाऱ्यांच्या व्यवहारात असतो. ‘नाग’ हाच शब्द पाहावा. पालीत नाग म्हणजे सर्प, नाग म्हणजे हत्ती, आणि नाग म्हणजे महापुरुष, अर्हत्. ‘आगु’ म्हणजे पाप, ते जो करीत नाही तो नाग, अशी त्याची निरुक्ती पाली परंपरेत दिली आहे. ही निरुक्ती शब्दाचा इतिहास सांगण्यासाठी नसून शिकवण सांगण्यासाठी आहे, आणि तिचे मोलही तेवढ्यापुरतेच घ्यावे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरची निवड का केली हे सांगताना भारतात बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे स्मरण केले. तो नाग हा एका मानवसमूहाचा वाचक आहे. ईशान्येकडील नागा जमातींच्या नावाचा उगम मात्र अभ्यासक तिकडच्याच भाषांत शोधतात. रूप एक म्हणून सर्वांना एका कुळात बसविणे योग्य होणार नाही.

नाव कोणी द्यावयाचे?

येथे एक आक्षेप येईल. नाव जर केवळ संकेत आहे, तर त्याच्या अर्थाचा एवढा आग्रह कशासाठी? भुंगा असो वा राजा, काय फरक पडतो?

या आक्षेपाचे उत्तर आमच्या समाजाच्या इतिहासात आहे. संकेत ठरविण्याचा अधिकार या देशात सर्वांना सारखा नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चार वर्णांची नावे कशी असावीत ते सांगितले आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे असावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा त्या ज्वालेत हा नियमही होता. नाव केवळ संकेत आहे म्हणूनच तो बदलता येतो. ते जन्मजात सत्त्व असते, तर लादलेले नाव कधीच टाकता आले नसते. नागसेनांचा सिद्धान्त नामांतराच्या विरोधात जात नाही. उलट त्याला तात्त्विक आधार देतो.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. १९५० मध्ये या शहरात, निजामाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात, महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. त्या महाविद्यालयाचे नाव ‘मिलिंद’ आणि परिसराचे नाव ‘नागसेनवन’. ही दोन नावे जोडीने ठेवली आहेत, यातच अर्थाचा निवाडा आहे. नागसेनाच्या वनातला मिलिंद हा भुंगा असू शकत नाही. तो प्रश्न विचारणारा राजा आहे. ज्यांच्या पिढ्यांना प्रश्न विचारण्यास मनाई होती, त्यांच्या मुलांसाठी उघडलेल्या विद्यालयाला यापेक्षा अन्वर्थक नाव कोणते असते?

याच भूमीत नावाची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तो सोळा वर्षांच्या लढ्यानंतर. ज्यांनी विरोध केला त्यांनाही नाव हा ‘केवळ शब्द’ वाटत नव्हता, हे त्यातून दिसून येते. पुढे २०२३ मध्ये या शहराचे अधिकृत नावही बदलले. ज्या जिल्ह्यात आपण राहतो तेथे नाव हा विषय कधीच कोरड्या व्याकरणाचा राहिलेला नाही.

तेव्हा मुलाने नावाचा अर्थ विचारला तर आम्ही सुचवू ते असे. त्याला दोन्ही मिलिंद सांगावेत. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, तो शब्द वेगळा, आणि शेजारच्या घरातील मिलिंदाचे नाव त्यावरून असेल तर तेही तितकेच खरे. तुझे नाव मात्र मेनान्द्रोस या ग्रीक राजाचे, जे नाण्यांवर मेनंद्र झाले आणि पालीत मिलिन्द झाले. हा राजा परदेशी कुळातला होता. तो शंका घेत असे, प्रश्न विचारीत असे, पटले नाही तर पटले नाही असे म्हणत असे, आणि पटल्यावर ते मान्य करण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. एवढे सांगितले म्हणजे नावांचे पुस्तक खोटे ठरविण्याची गरज उरत नाही. ते अपुरे आहे, एवढेच मुलाला समजते.

आमच्या विहारांतून बालसंस्काराचे वर्ग चालतात, वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्यात एखाद्या वर्षी मिलिन्दपञ्हाचा पहिला भाग तरी घ्यावा, असे आम्हांस वाटते. हा ग्रंथ संवादरूप असल्याने दोन विद्यार्थ्यांनी दोन बाजू वाटून घेऊन तो वाचता येतो. ज्या मुलांची नावे मिलिंद आणि नागसेन आहेत, त्यांना तरी ही संधी प्रथम द्यावी.